सरासरीच्या पलीकडे : सिंचन नियोजनातील पर्यायांची अनेक निकषांवर निवड

ऑक्टोबरचा मध्य उलटला की धरणातील साठ्याचा आकडा हाती येतो आणि रब्बीच्या पाण्याचे नियोजन सुरू होते. महाराष्ट्रात कालवा सल्लागार समित्यांच्या बैठका याच सुमारास होतात. साठा पुरेसा असेल तर फारसा प्रश्न उरत नाही. तो बेताचा असेल तर मात्र सूचनांची रांग लागते. पहिली आवर्तने पूर्ण द्यावीत, पुढचे पुढे पाहावे, असे कोणी म्हणतो. प्रत्येक आवर्तनात थोडी थोडी कपात करावी, असे दुसरा सुचवितो. तिसऱ्याच्या मते सिंचनाचे क्षेत्रच कमी मंजूर करावे. तिन्ही सूचनांत तथ्य असते आणि तिन्हींमागे कोणाचे ना कोणाचे पीक उभे असते.

अशा वेळी संगणकावर अथवा साध्या वहीत प्रत्येक पर्यायाची ‘रंगीत तालीम’ घेता येते. मागील अनेक वर्षांची आवक गृहीत धरून, हा नियम त्या वर्षांत लावला असता तर काय घडले असते, याचा हिशेब मांडणे म्हणजेच सिम्युलेशन. ही तालीम करणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड असते ते तालमीनंतरचे काम, म्हणजे हाती आलेल्या आकड्यांवरून एका पर्यायाची निवड करणे. निवड एकाच आकड्यावर, बहुधा सरासरीवर केली जाते आणि नेमकी तेथेच फसगत होते. ती कशी होते आणि कशी टाळावी, याचा विचार या लेखात केला आहे.

मलप्रभेचा दाखला

या विषयाचा एक महत्त्वाचा अभ्यास बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत झाला. तेथील स्थापत्य अभियांत्रिकी विभागातील एस. वेदुला आणि पी. पी. मुजुमदार यांनी मलप्रभा जलाशय समोर ठेवून सिंचनासाठी जलाशय कसा चालवावा, याची गणिती प्रारूपे तयार केली. त्यांचे या विषयावरील शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मलप्रभा नदी सीमाभागातील वाचकांना परकी नाही. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे सह्याद्रीत तिचा उगम होतो. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरापासून जवळच, नविलुतीर्थ येथे तिच्यावर धरण आहे. जलाशयाला रेणुकासागर असे नाव असून त्याची साठवणक्षमता ३७.७३ टीएमसी, म्हणजे सुमारे १०७ कोटी घनमीटर आहे. पुढे सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास पूर्ण करून ही नदी कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते. उगमाकडे धो धो पाऊस आणि लाभक्षेत्रात पर्जन्यछायेतील काळी जमीन, अशी या प्रकल्पाची रचना आहे. त्यामुळे शेतावर ढग नसतानाही धरण भरू शकते. उलट उगमाकडील पाऊस कमी झाला की दूरवरच्या नरगुंद-नवलगुंदच्या शेतांचे नियोजन कोलमडते. हुबळी-धारवाड या शहरांच्या पिण्याच्या पाण्याचाही भार याच जलाशयावर आहे.

बेंगळुरूच्या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की त्यात धरणातील साठा आणि येणारी आवक यांच्याबरोबर शेतातील मातीच्या ओलाव्याचाही हिशेब धरण्यात आला. पिकाच्या वाढीच्या अवस्थेहूनही लहान कालखंड घेऊन, प्रत्येक कालखंडात किती पाणी सोडावे आणि ते पिकांमध्ये कसे वाटावे, याचे धोरण ठरविण्यात आले. आवक अनिश्चित असल्याने तिच्या शक्यता गृहीत धरणारी गणिती पद्धत वापरण्यात आली.

गणिताने ‘इष्टतम’ ठरविलेले धोरण हाती आल्यावर हे संशोधक थांबले नाहीत. अशी काही धोरणे सिम्युलेशनमधून चालवून त्यांची कामगिरी त्यांनी वेगवेगळ्या मोजमापांवर तपासली : विश्वसनीयता, सावरण्याची क्षमता आणि उत्पादकता निर्देशांक. एखादे धोरण गणिताच्या एका उद्दिष्टानुसार सर्वोत्तम असले, तरी शेतकऱ्याला ते कसे भासेल हे त्या एका उद्दिष्टावरून कळत नाही, ही जाणीव या तपासणीच्या मुळाशी आहे.

ही जाणीव केवळ पुस्तकी नव्हे. जुलै १९८० मध्ये याच मलप्रभा लाभक्षेत्रातील नरगुंद आणि नवलगुंद येथे पाणीपट्टी व सुधार आकाराच्या वसुलीविरुद्ध शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले आणि त्यात शेतकऱ्यांना प्राणास मुकावे लागले. पुरेसे पाणी न मिळताही आकारणी होते, ही त्यांच्या तक्रारींपैकी एक होती. प्रकल्पाच्या एकूण आकडेवारीत ‘सिंचित’ ठरलेले शेत प्रत्यक्षात कोरडे असू शकते. हे अंतर मोजता आले नाही, तर नियोजन कागदावरच यशस्वी होते.

अपयश मोजण्याचे तीन प्रश्न

हाशिमोतो, स्टेडिंजर आणि लाउक्स यांनी १९८२ मध्ये जलसंपदा प्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी तीन मोजमापे मांडली. आजही जगभर ती वापरली जातात. त्यांची नावे जड वाटली तरी त्यांमागचे प्रश्न कोणताही शेतकरी विचारील असेच आहेत.

पहिला प्रश्न : पाणी किती वेळा पुरेसे मिळाले? एकूण आवर्तनांपैकी ज्या आवर्तनांत गरज पूर्ण भागली, त्यांचे प्रमाण म्हणजे विश्वसनीयता.

दुसरा प्रश्न : एकदा तूट आली की गाडी रुळावर यायला किती वेळ लागतो? तुटीच्या आवर्तनानंतर लगेच पुढचे आवर्तन पुरेसे मिळण्याचे प्रमाण म्हणजे सावरण्याची क्षमता. एक पाळी हुकली तर पीक तग धरते, सलग तीन हुकल्या तर ते जाते. म्हणून हे मोजमाप स्वतंत्रपणे पाहावे लागते.

तिसरा प्रश्न : तूट आली तेव्हा ती किती मोठी होती? हे तुटीच्या तीव्रतेचे मोजमाप. दहा टक्के कमी पाणी आणि पाण्याचा थेंबही नाही, या दोहोंची गणना विश्वसनीयतेच्या हिशेबात ‘एक अपयश’ अशी सारखीच होते. त्यांतील फरक केवळ तीव्रतेच्या मोजमापात दिसतो.

वहीत करून पाहण्याजोगे उदाहरण

हे प्रश्न प्रत्यक्ष कसे वापरावयाचे, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक तलाव घेऊ. त्याच्या लाभक्षेत्रात रब्बी मका आहे. हंगामात चार आवर्तने असून प्रत्येकाची गरज १०० एकके, म्हणजे हंगामाची एकूण गरज ४०० एकके आहे. सलग पाच वर्षांत हंगामाच्या आरंभीचा वापरण्याजोगा साठा अनुक्रमे ४००, ३२०, २४०, ३६० आणि ४०० एकके होता, असे समजू. सोपेपणासाठी बाष्पीभवन व गळती वगळली आहे आणि हंगामाअखेर काहीही शिल्लक राहत नाही, असे धरले आहे.

चार पर्याय तपासावयाचे आहेत.

पर्याय अ : साठा संपेपर्यंत प्रत्येक आवर्तन पूर्ण द्यावे.
पर्याय ब : तूट चारही आवर्तनांत समान वाटावी.
पर्याय क : साठ्याच्या प्रमाणात क्षेत्र कमी मंजूर करावे, मंजूर क्षेत्राला पूर्ण पाणी द्यावे.
पर्याय ड : तूट आधी चौथ्या (पक्वतेच्या) आवर्तनावर आणि ती न भागल्यास पहिल्या (कायिक वाढीच्या) आवर्तनावर टाकावी, फुलोरा व दाणे भरण्याच्या अवस्थांना हात लावू नये.

तक्ता १ : तुटीच्या वर्षांतील चार आवर्तनांचे पाणी (एकके)

| वर्ष व साठा | अ | ब | क | ड |
|---|---|---|---|---|
| दुसरे, ३२० | १००, १००, १००, २० | ८०, ८०, ८०, ८० | ८० टक्के क्षेत्र | १००, १००, १००, २० |
| तिसरे, २४० | १००, १००, ४०, ० | ६०, ६०, ६०, ६० | ६० टक्के क्षेत्र | ४०, १००, १००, ० |
| चौथे, ३६० | १००, १००, १००, ६० | ९०, ९०, ९०, ९० | ९० टक्के क्षेत्र | १००, १००, १००, ६० |

पहिल्या व पाचव्या वर्षी सर्वच पर्यायांत पूर्ण पाणी मिळते.

आता प्रथम सरासरी पाहू. पाच वर्षांची एकूण गरज २००० एकके आणि मिळालेले पाणी १७२० एकके. म्हणजे अ, ब आणि ड या तिन्ही पर्यायांत सरासरी ८६ टक्के गरज भागली. पर्याय क मध्ये मंजूर क्षेत्राची सरासरीही ८६ टक्केच येते. सरासरीच्या दृष्टीने चारही पर्यायांत तिळमात्र फरक नाही! एकाच आकड्यावर निवड करणाऱ्याला येथे नाणे उडविण्यावाचून गत्यंतर नाही.

तीन प्रश्न विचारले की मात्र चित्र पालटते.

तक्ता २ : चार पर्यायांची कामगिरी

| मोजमाप | अ | ब | क | ड |
|---|---|---|---|---|
| गरज किंवा क्षेत्र भागल्याची सरासरी | ८६% | ८६% | ८६% | ८६% |
| विश्वसनीयता | ८०% | ४०% | १००%* | ८०% |
| सावरण्याची क्षमता | ७५% | ८% | तूटच नाही* | ७५% |
| एका आवर्तनातील सर्वांत मोठी तूट | १००% | ४०% | ०* | १००% |

(* केवळ मंजूर क्षेत्रापुरते.)

हे आकडे कसे आले, हे एकदा पडताळून पाहावे. पर्याय अ मध्ये वीसपैकी सोळा आवर्तने पूर्ण मिळाली, म्हणून विश्वसनीयता ८० टक्के. उरलेल्या चार तुटींपैकी तीन वेळा लगेचचे आवर्तन पूर्ण मिळाले, म्हणून सावरण्याची क्षमता चारात तीन. पर्याय ब मध्ये मधल्या तीन वर्षांतील बाराही आवर्तने अपुरी ठरली आणि बारापैकी केवळ शेवटच्या तुटीनंतर पाचव्या वर्षीचे पहिले आवर्तन पूर्ण मिळाले. म्हणून ती क्षमता बारात एक. मात्र ब मध्ये कोणत्याही आवर्तनात ४० टक्क्यांहून अधिक तूट आली नाही, हा त्याचा गुण.

पिकाचा कौल

तक्ता २ मध्ये अ आणि ड यांचे स्तंभ अगदी सारखे आहेत. पाण्याच्या मोजमापांना या दोहोंत फरक करता येत नाही. पिकाला मात्र करता येतो. त्यासाठी बेंगळुरूच्या अभ्यासातील उत्पादकतेच्या मोजमापासारखे, पिकाशी जोडलेले आणखी एक मोजमाप लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७९ मध्ये डूरेनबॉस व कसाम यांचे सिंचन व निचरा मालिकेतील ३३ वे पुस्तक प्रसिद्ध केले. पाण्याची तूट आणि उत्पादनातील घट यांचा संबंध त्यात प्रत्येक पिकासाठी व अवस्थेसाठी एका गुणांकाने मांडला आहे. मक्याचे गुणांक असे : कायिक वाढ ०.४, फुलोरा १.५, दाणे भरणे ०.५ आणि पक्वता ०.२. याचा अर्थ, फुलोऱ्यात ४० टक्के तूट आली तर उत्पादन ६० टक्क्यांनी घटते. तेवढीच तूट कायिक वाढीत आली तर घट १६ टक्क्यांची असते.

प्रत्येक अवस्थेतील उरलेल्या उत्पादनाचा गुणाकार करून सर्वांत वाईट अशा तिसऱ्या वर्षाचा हिशेब मांडू. पर्याय अ मध्ये दाणे भरताना ६० टक्के आणि पक्वतेत पूर्ण तूट आहे. म्हणून ०.७ गुणिले ०.८, म्हणजे ५६ टक्के उत्पादन. पर्याय ड मध्ये कायिक वाढीत ६० टक्के आणि पक्वतेत पूर्ण तूट. म्हणून ०.७६ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ६१ टक्के. पर्याय ब मध्ये चारही अवस्थांत ४० टक्के तूट. म्हणून ०.८४, ०.४, ०.८ आणि ०.९२ यांचा गुणाकार, म्हणजे केवळ सुमारे २५ टक्के. पर्याय क मध्ये ६० टक्के क्षेत्रावर पूर्ण पीक, म्हणजे ६० टक्के. शिवाय उरलेल्या क्षेत्रावर मातीतील ओलाव्यावर हरभरा वा करडईसारखे कोरडवाहू पीक घेता येते.

पाचही वर्षांची सरासरी काढली तर ड मध्ये सुमारे ८७ टक्के, अ आणि क मध्ये सुमारे ८६ टक्के आणि ब मध्ये ७१ टक्के उत्पादन येते. तूट सर्वांना सारखी वाटावी, या वरकरणी न्याय्य वाटणाऱ्या नियमाने मक्याच्या शेतकऱ्याचे सर्वाधिक नुकसान केले. कारण पिकाच्या सर्वांत नाजूक अवस्थेलाही त्याने इतरांच्या बरोबरीने उपाशी ठेवले.

तरीही ब हा पर्याय सर्वत्र वाईट, असा निष्कर्ष काढू नये. लाभक्षेत्रात डाळिंब वा मोसंबीच्या बागा असतील, तर उद्दिष्ट यंदाच्या उत्पादनाचे नसून झाड जगविण्याचे असते. तेथे एखादी पाळी पूर्ण हुकणे जिवावर बेतू शकते आणि ‘सर्वांत मोठी तूट’ हेच निर्णायक मोजमाप ठरते. पिण्याच्या पाण्याचेही तसेच. तलाव तोच, आकडे तेच. पणाला काय लागले आहे ते बदलले की निवड बदलते.

निवडीचा क्रम

अनेक मोजमापे हाती आली की त्यांना गुण देऊन बेरीज करण्याचा मोह होतो. विश्वसनीयतेला तीस गुण, उत्पादनाला चाळीस, अशी वाटणी करून ज्याची बेरीज मोठी तो पर्याय निवडावयाचा. ही पद्धत त्याज्य नाही, परंतु ती अखेरची पायरी असावी. तिच्याआधी पुढील दोन चाळण्या लावल्यास काम पुष्कळ सोपे होते.

पहिली चाळणी किमान मर्यादेची. जे घडूच नये, ते आधी ठरवावे. उदाहरणार्थ, ‘पिण्यासाठीचा राखीव साठा कोणत्याही वर्षी संपता कामा नये’ किंवा ‘सर्वांत वाईट वर्षीही उत्पादन निम्म्याखाली जाऊ नये’. दुसरी अट लावताच आपल्या उदाहरणातील ब बाद होतो. जी मर्यादा मोडणे परवडणारे नाही, तिला गुण देऊ नयेत. गुण दिले की दुसऱ्या एखाद्या मोजमापातील नफा त्या मर्यादेचा भंग झाकून टाकतो.

दुसरी चाळणी तुलनेची. एखादा पर्याय कोणत्याच मोजमापावर दुसऱ्याच्या पुढे नसेल आणि किमान एका मोजमापावर त्याच्या मागे असेल, तर तो सोडून द्यावा. अ आणि ड यांची सर्व पाणीविषयक मोजमापे सारखी आहेत आणि उत्पादनात ड पुढे आहे. म्हणून अ गळतो. यासाठी कोणत्याही गुणांची गरज नाही आणि कोणाचा आक्षेपही राहत नाही.

आता क आणि ड उरतात. वाईट वर्षी क मध्ये ६० टक्के आणि ड मध्ये ६१ टक्के उत्पादन. हा फरक इतका अल्प आहे की त्यावर भांडण्यात अर्थ नाही. येथून पुढचा निर्णय गणिताचा नसून लाभधारकांचा आहे. पर्याय ड मध्ये सर्व क्षेत्रावर बियाणे, खते व मजुरीचा खर्च होतो आणि उत्पन्न सर्वांचेच घटते. पर्याय क मध्ये खर्च ६० टक्के क्षेत्रावरच होतो, परंतु ४० टक्के क्षेत्र पाण्याविना राहते. ते क्षेत्र कोणाचे, हाच कळीचा प्रश्न. प्रत्येक शेतकऱ्याच्या क्षेत्रातून ४० टक्के कपात झाली तर भार सर्वांवर समान पडतो. कालव्याच्या टोकाकडील, टेलच्या शेतकऱ्यांचे अर्जच नामंजूर झाले तर तोच पर्याय अन्यायाचा ठरतो. तक्त्यातील आकडे दोन्ही परिस्थितींत अगदी सारखेच दिसतील. म्हणून ‘किमान पाणी मिळालेल्या शेतकऱ्याला किती मिळाले’ असे एक मोजमाप तक्त्यात अवश्य जोडावे.

धुळे जिल्ह्यातील पांझरा खोऱ्यातील जुन्या फड पद्धतीत या विचाराचे बीज दिसते. लाभक्षेत्राचे फड पाडलेले असत. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे आणि पाणी बेताचे असल्यास किती फड भिजवावयाचे, हे गावकरी हंगामाआधी ठरवीत. तूट आल्यानंतर वाद घालण्यापेक्षा तुटीचा नियम आधी ठरविणे अधिक शहाणपणाचे, हे या व्यवस्थेने ओळखले होते.

आकड्यांच्या मर्यादा

सिम्युलेशनचे उत्तर त्यातील गृहीतकांइतकेच खरे असते. ते वापरताना चार गोष्टींचे भान ठेवावे.

पहिली, व्याख्येची. तक्ता २ मध्ये क ची विश्वसनीयता १०० टक्के दिसते, कारण गरजच मंजूर क्षेत्रापुरती मोजली आहे. संपूर्ण लाभक्षेत्राची गरज धरली तर मधल्या तीन वर्षांतील एकही आवर्तन पुरेसे ठरत नाही आणि तीच विश्वसनीयता ब इतकी, म्हणजे ४० टक्क्यांवर येते. म्हणून कोणताही चमकदार आकडा समोर आला की तो कशाच्या तुलनेत मोजला, हे प्रथम विचारावे.

दुसरी, कालव्याची. प्रवाह कमी केला म्हणून पाझर त्याच प्रमाणात कमी होत नाही. पर्याय ब मध्ये ६० टक्के प्रवाहाने कालवा चालविला, तर पाणी चारीच्या टोकापर्यंत पोहोचेलच असे नाही. आपल्या उदाहरणात वहनव्यय धरलेला नाही. तो धरल्यास ब ची स्थिती आणखी बिघडते. कमी परंतु पूर्ण प्रवाहाची आवर्तने यामुळेच अनेकदा फायद्याची ठरतात.

तिसरी, मातीची. उत्पादनाचे गुणांक पिकाच्या बाष्पोत्सर्जनातील तुटीसाठी आहेत, कालव्याच्या पाण्यातील तुटीसाठी नव्हेत. आपण दोन्ही एकच धरली. भारी काळ्या जमिनीत साठलेला ओलावा पहिल्या आवर्तनाची तूट काही अंशी भरून काढतो, त्यामुळे प्रत्यक्ष घट कमी येते. हलक्या मुरमाड जमिनीत असा आधार नसतो. मलप्रभेच्या प्रारूपात मातीच्या ओलाव्याचा स्वतंत्र हिशेब ठेवला गेला, तो याच कारणासाठी महत्त्वाचा आहे.

चौथी, वर्षांच्या निवडीची. पाच वर्षे समजावून सांगण्यास पुरेशी आहेत, निर्णयास नव्हेत. उपलब्ध असतील तितक्या वर्षांची आवक घ्यावी आणि त्यात अवर्षणाची वर्षे आहेत याची खात्री करावी. सलग दोन कोरडी वर्षे आली तर काय होईल, याची तालीम मुद्दाम स्वतंत्रपणे घ्यावी; कारण अनेक नियम एका वाईट वर्षात तरतात आणि दुसऱ्यात कोसळतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृतिक्रम

‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ अन्वये स्थापन झालेल्या पाणी वापर संस्थांमध्ये, तसेच गावतलाव वा सामूहिक शेततळ्यांच्या नियोजनात पुढील क्रम उपयोगी पडेल.

१. बैठकीपूर्वी उपलब्ध वर्षांचा हंगामाच्या आरंभीचा साठा, आवर्तनांची संख्या आणि पीकनिहाय क्षेत्र एका पानावर लिहावे.

२. ‘काय घडलेले चालणार नाही’ हा प्रश्न सभासदांना प्रथम विचारावा व उत्तर लिहून घ्यावे. टोकाकडील शेतकरी, पशुपालक आणि महिला सभासद यांचे उत्तर स्वतंत्रपणे ऐकावे. त्यांची किमान गरज बहुधा वेगळी निघते.

३. चर्चेत आलेले सर्व पर्याय स्पष्ट नियमांच्या रूपात लिहावेत. ‘काटकसरीने वापरावे’ हा नियम नव्हे. ‘साठा तीन चतुर्थांशाहून कमी असल्यास प्रत्येकाचे क्षेत्र त्याच प्रमाणात घटवावे’ हा नियम होय.

४. प्रत्येक नियम मागील वर्षांवर चालवून पाहावा. संगणक नसल्यास फळ्यावर आडव्या ओळीत वर्षे आणि उभ्या ओळीत आवर्तने मांडली तरी पुरते.

५. किमान पाच मोजमापे काढावीत : किती वेळा पुरले, सलग किती वेळा हुकले, सर्वांत मोठी तूट, सर्वांत वाईट वर्षाचे उत्पादन आणि सर्वांत कमी पाणी मिळालेल्या शेतकऱ्याचा वाटा.

६. किमान मर्यादा मोडणारे व सर्व बाबतींत मागे पडणारे पर्याय वगळावेत.

७. उरलेल्या पर्यायांना गुण द्यावयाचे असल्यास गुणांची वाटणी आकडे पाहण्याआधी ठरवावी. आकडे पाहिल्यावर ठरविलेली वाटणी आवडत्या पर्यायाकडे झुकते. गुण थोडे बदलताच विजेता बदलत असेल, तर ते पर्याय तुल्यबळ समजून निर्णय सभासदांवर सोपवावा.

८. हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष मिळालेले पाणी आणि उत्पादन त्याच तक्त्यात लिहावे. पुढील वर्षीच्या तालमीत हीच नोंद सर्वाधिक मोलाची ठरते.

समारोप

मलप्रभेवरील अभ्यासानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटला. त्या वेळी मोठ्या संगणकांवर करावी लागणारी आकडेमोड आज गावपातळीवरील साध्या संगणकावरही करता येते. तरीही कोणता आकडा महत्त्वाचा मानावा, हे संगणक सांगत नाही. ८६ टक्के ही सरासरी चारही पर्यायांत सारखीच होती. तिच्या आड एका पर्यायात मक्याचे तीन चतुर्थांश पीक बुडाले होते आणि दुसऱ्यात ४० टक्के शेते पाण्याविना राहिली होती. ज्यांच्या शेतावर ती तूट पडणार, त्यांच्यासमोर पर्यायांचा संपूर्ण तक्ता ऑक्टोबरमध्येच मांडला गेला, तर पेरणीचा निर्णय त्यांना डोळसपणे घेता येईल. फेब्रुवारीत कालवा कोरडा पडल्यावर दिलेल्या स्पष्टीकरणाचा त्यांना काहीच उपयोग होत नाही.